सूर्याची वीज : हिशेब, कायदा आणि जिवाची काळजी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी भाषेचा शिक्षक. विजेवर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझा एक माजी विद्यार्थी दहावीनंतर ठेकेदाराकडे ‘हेल्पर’ म्हणून लागला. पत्र्यावर सौर पॅनेल बसवताना तो खाली पडला. कमरेला पट्टा नव्हता, हाती नेमणुकीचा कागद नव्हता. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. त्याच्या अम्मीने विचारले, “सर, भरपाई कोणाकडे मागायची?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून जे वाचले, जाणकारांना विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हिशेब. 2010 साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा मोठ्या प्रकल्पांची सौर वीज युनिटला दहा रुपयांहून महाग होती. 2017 साली राजस्थानातील भडला येथील लिलावात हा दर 2 रुपये 44 पैशांपर्यंत उतरला. पॅनेल स्वस्त झाली आणि हा धंदा आपल्या छपरापर्यंत आला. 2024 साली केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते असे धरतात, पावसाळ्यात कमी. तीन किलोवॅटचे महिन्याला सुमारे 360 युनिट झाले. ज्या घरात साठ-सत्तर युनिटच जळतात, त्याने कर्ज काढून एवढा मोठा संच का घ्यावा? आधी बारा महिन्यांची बिले समोर ठेवा, मग सही करा.

आता कायदा. वीज कायदा 2003 सालचा आहे. नेट मीटर म्हणजे आपण दिलेली आणि घेतलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर. तो वीज कंपनीच्या मंजुरीनेच बसतो. अनुदान तपासणी झाल्यावर ग्राहकाच्याच बँक खात्यात जमा होते. म्हणून “अनुदान मी काढून देतो, रोख द्या” म्हणणाऱ्यापासून दूर राहा. नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच काम घ्या आणि पाच वर्षांच्या देखभालीची हमी कागदावर घ्या.

तिसरी गोष्ट जिवाची. घरातील वीज बटणाने बंद होते. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्याची वीज बंद होत नाही. सहा-आठ पॅनेल एकामागोमाग जोडली की दोनशे व्होल्टच्या वर दाब जातो. हा प्रवाह एकदिश असल्याने सैल जोडात पडलेली ठिणगी सहज विझत नाही, आग लागते. म्हणून अर्थिंग, योग्य वायर आणि पक्के जोड यांत काटकसर नको. पुष्कळांची तक्रार असते की लाइट गेली की सौर संचही बंद पडतो. बॅटरीविना असलेला संच मुद्दाम तसा केलेला असतो. तो चालू राहिला तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला धक्का बसेल. तोही कोणाचा तरी मुलगा आहे.

त्या अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर आता मी देऊ शकतो. कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या देशात 1923 सालापासून कायद्यात आहे. पण तो कामावर होता हे सिद्ध करायला कागद लागतो. हजेरीची नोंद, बँकेतून आलेला पगार, नेमणूकपत्र, यांपैकी काहीच त्या मुलाजवळ नव्हते.

मुलांनो आणि मुलींनो, या धंद्यात रोजगार आहे. धुळे जिल्ह्यात साक्रीला सौर प्रकल्प आहे, साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. आपली माणसे जातात त्या आखातातही मोठे सौर प्रकल्प उभे राहिले आहेत. पण हेल्पर होऊन जाऊ नका. आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियन व्हा, परवाना काढा. पट्टा मागायला लाजू नका. तो न देणाऱ्या मालकाला नाही म्हणा.

आणि पालकांनो, पहिल्या पगाराची घाई दोन वर्षे आवरा. दोन वर्षांचे शिक्षण महाग वाटते खरे, पण त्या मुलाच्या पायाची किंमत त्याहून फार मोठी होती.