काय घातलं होतं?



एखाद्या मुलीची छेड काढल्याची बातमी आली, की घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो: तिनं घातलं काय होतं? विचारणारी माणसं दुष्ट असतात असं नाही. कपड्यांवरून बाईची चाल कळते, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण हा समज घरातल्या गप्पांपुरता राहत नाही. तो न्यायालयापर्यंत पोचतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये केरळातल्या कोळिकोडच्या सत्र न्यायालयापुढे लैंगिक छळाच्या प्रकरणात अटकपूर्व जामिनाचा अर्ज आला. आरोपीनं अर्जासोबत तक्रारदार स्त्रीचे फोटो जोडले होते. ते पाहून न्यायालयानं आदेशात लिहिलं, की तिचा पोशाखच कामोत्तेजक आहे, तेव्हा लैंगिक छळाचं कलम प्रथमदर्शनी लागू होत नाही. फोटोत बाईचे कपडे दिसतात. तिला कुणाचा स्पर्श नको होता, हे फोटोत कसं दिसणार? ऑक्टोबरमध्ये केरळ उच्च न्यायालयानं पोशाखाबद्दलचा तो शेरा काढून टाकला. जामीन मात्र कायम ठेवला.

आता इटलीत काय झालं ते ऐका. अठरा वर्षांच्या एका मुलीनं गाडी शिकवणाऱ्या माणसावर बलात्काराचा आरोप केला होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली. कारण काय, तर तिनं घट्ट जीन्स घातली होती, आणि तशी जीन्स घालणारीनं हातभार लावल्याशिवाय उतरत नाही! दुसऱ्याच दिवशी तिथल्या काही महिला खासदार जीन्स घालून संसदेत आल्या. म्हणजे अंग दिसलं तर तिनंच बोलावलं, आणि अंग घट्ट झाकलेलं असलं तरी तिचीच संमती. कपडा कुठलाही असो, निकाल आधीच ठरलेला. मला याचा मनापासून संताप येतो.

आपल्याकडे कुणी म्हणतं, हा सगळा परदेशी कपड्यांचा परिणाम. कोकणात भातलावणीच्या दिवसांत शेतात जाऊन बघा. लुगडं गुडघ्याच्या वर खोचून बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. कोळणींचा काष्टाही तसाच आखूड. सहावारी साडीत पोट-पाठ दिसते, तिला आपण सोज्वळ म्हणतो. पायघोळ जीन्स घालणारी मात्र ‘तसली’ ठरते. दिसणाऱ्या अंगाशी याचा काही संबंध नाही. आपल्या ओळखीची बाई आपल्या चौकटीबाहेर गेली, याचा तो राग आहे.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या काळात, ऑगस्ट २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. बायकांबद्दलचे रूढ गैरसमज आणि त्यांपुढे वस्तुस्थिती, अशी तिची मांडणी आहे. बाईचा पोशाख हे शरीरसंबंधाचं आमंत्रण नव्हे, आणि तिला हात लावण्याचंही नव्हे, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे न्यायाधीशांसाठी लिहून काढावं लागलं, यावरून हा समज किती खोल रुजला आहे ते कळावं.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. उद्या तुमची लेक, भाची किंवा शेजारची मुलगी असं काही सांगू लागली, तर कपड्यांचं विचारू नका. तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या. तिची इच्छा असेल तर तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. महिलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक १८१ आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२.