धरतीची गोधडी



थंडीत आपण गोधडी घेतो. गोधडी काही गरम नसते, ती आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. धरतीचंही तसंच आहे. उन्हाने जमीन तापते आणि ती उष्णता वर सोडते. हवेतली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन त्यातली काही अडवून परत खाली पाठवतात. हे वायू नसते तर धरतीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं, आज ते सुमारे १५ आहे. म्हणजे गोधडी हवीच.

पण ती जाड होत चाललीय. अडीचशे वर्षांपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. तो मुख्यतः कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून वाढला. त्यात चिंचपाड्याच्या बायांचा वाटा किती? अगदी थोडा. पण वाढत्या उन्हात निंदणी आपल्यालाच करायचीय.

आपल्या हातातलं एक सांगते. ओलं शेण खड्ड्यात कुजलं की मिथेन हवेत जातो. तोच गोबरगॅसमध्ये धरला तर त्यावर भाकरी होते, सरपण वाचतं, डोळ्यांत धूर जात नाही आणि उरलेली मळी शेताला खत होते. ज्यांच्या गोठ्यात दोन-तीन जनावरं आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय गटापुढे मांडा.