वेगळी चूल, एक घर
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



बालाजी महाराजांच्या या गावात आज मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण काढणार आहे. कोकणात करजगावी १८६१ साली जन्मलेला हा कवी नाशिक, नागपूर, राजनांदगाव, नगर असा सारखा फिरत राहिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या, त्या आपलं सोवळं घेऊनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही; वेगळी चूल मांडू दिली. ते सोवळं पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडलं. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी हसत-हसवत लिहिलंय.

आपणही पंचवीस वर्षं एकाच जिन्याने चढतो-उतरतो. मेंटेनन्सवरून, पाण्यावरून भांडतो. प्रत्येकाचा देव वेगळा, फोडणी वेगळी. म्हणून दार लावून घ्यायचं का? मला वाटतं, समोरच्याला त्याच्या वेळेने बदलू द्यावं. नाही बदलला तरी चहाला बोलवावं.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्यांचं घर मात्र लक्ष्मीबाईंच्या लेखणीमुळे अजून नांदतं आहे. आपलंही असंच नांदतं राहो.