स्वागताध्यक्षीय भाषण : मेंदूचा आलेख आणि त्याचे वाचन



सिद्धेश्वरांच्या सोलापूर नगरीत मेंदूच्या विद्युत-आलेखनावरील, म्हणजे रोजच्या भाषेत ईईजीवरील, या परिषदेसाठी आलेल्या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. या शहराचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, युद्धग्रस्त चीनमध्ये अपस्माराच्या झटक्यांनी अंत झाला. त्यांच्या शौर्याच्या कथेत ही बाब सहसा मागे पडते. तोवर ईईजीचे तंत्र जन्मले होते. येना येथे हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये मानवी मेंदूचा पहिला आलेख घेऊन तो 1929 मध्ये प्रसिद्ध केला होता आणि 1935 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अपस्माराचे ठसे त्यात ओळखले होते. मात्र कोटणीस जिथे होते त्या चीनमधील हेबेईच्या डोंगरांत ते यंत्र कुठून असणार?

या तपासणीत डोक्याच्या त्वचेवर ठरावीक अंतरांवर लावलेल्या विद्युतअग्रांतून, म्हणजे धातूच्या लहान चकत्यांतून, असंख्य चेतापेशींच्या एकत्रित विद्युतदाबातील चढउतार टिपले जातात. हे चढउतार मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांशात, मोजावे लागत असल्याने केसांतले तेल, आवळलेला जबडा किंवा पापणीची उघडझापही आलेख बिघडवते. म्हणूनच केस धुऊन येण्याची सूचना देणारा आणि चकत्या नेमक्या जागी बसवणारा तंत्रज्ञ निदानात डॉक्टरांइतकाच महत्त्वाचा ठरतो, जरी अहवालावर त्याचे नाव क्वचितच असते.

झटके येणाऱ्या रुग्णाचा आलेखही दोन झटक्यांमधल्या काळात निर्दोष दिसू शकतो. याउलट निरोगी झोपेतील टोकदार लहरींना अपस्मार ठरवण्याची चूक अधिक घातक आहे, कारण तिच्यामुळे वर्षानुवर्षे गोळ्या चालू राहतात आणि मुलीचे ठरलेले लग्नही मोडते. विवाहाच्या कायदेशीर अटींतून अपस्मार 1999 च्या कायदा-दुरुस्तीने वगळला गेला. घराघरांतून तो अजून वगळला गेलेला नाही, आणि आकडी आली की कांदा हुंगवणेही थांबलेले नाही. अशा समाजात झटका प्रत्यक्ष पाहणाऱ्या नातेवाइकाचे कथन न ऐकता केवळ आलेखावरून दिलेले निदान अपुरेच मानावे लागते.

धाराशिव, विजयपुरा आणि कलबुर्गी हे सोलापूरचे शेजारी जिल्हे लक्षात घेऊन, तालुका पातळीवर यंत्राआधी प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमण्याचा ठराव या परिषदेने करावा, अशी स्वागत समितीची प्रतिनिधींना विनंती आहे.