जळून गेले, ते परत मिळेल का?

मंडळी, चुलीत लाकूड जळते. मोटारीत तेल जळते. त्यातून कर्बवायू निघतो. तो दिसत नाही. पण हवेत साठतो नि पृथ्वी तापते.

या वायूचे पुन्हा इंधन होईल का? जपानात योशिओ होरी या रसायनशास्त्रज्ञांनी १९८५ साली ते दाखवले. कर्बवायू विरघळलेल्या पाण्यात त्यांनी तांबे ठेवले, वीज सोडली. मिथेन वायू निघाला. गोबरगॅसमध्ये जळतो तोच, बरं का!

तांबे इथे मध्यस्थ. मध्यस्थ सोयरीक जुळवतो. स्वतः बोहल्यावर चढत नाही. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.

पण फुकट काही नाही. इंधनातून मिळते, त्याहून जास्त शक्ती विजेची लागते. कोळसा जाळून ती वीज केली, तर कर्बवायू वाढेलच. वीज उन्हाची हवी, वाऱ्याची हवी. तरच हा सौदा परवडेल.