यंत्राचा गंधार

जबलपूरच्या सराफ्यात दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या एखाद्या मराठी मुलाला विजेच्या यंत्रावर संगीत रचण्याची हौस उपजली, तर त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘काय काय विकत घेऊ?’ असाच असतो. माझ्या मते फारसे काही घेऊ नये. घरातला संगणक, बरेसे हेडफोन आणि दोन सप्तकांची छोटी कळपट्टी एवढ्यावर आरंभ होतो. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी आणि स्वरनिर्मितीसाठी सर्ज एक्सटी ही सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. तयार ठेक्यांचे आयते तुकडे मात्र आरंभी दूर ठेवावेत. त्यांवर तासाभरात गाणे उभे राहते, पण ते आपले नसते.

खाली ऐरणीवर सोनाराची हातोडी पडते, तिचा ठोका मुद्रित करावा. तो अर्ध्या वेगाने वाजवला की नाद एक सप्तक खाली येतो. उलटा वाजवला की विरणारा नाद फुगत येऊन एकाएकी तुटतो. कृत्रिम स्वराची घडणही याहून फार निराळी नाही. आंदोलक उपस्वरांनी भरलेला करकरीत नाद देतो, गाळणी त्यातले वरचे उपस्वर कमी करते, आणि नाद झटकन उमटावा की सावकाश भरावा हे तिसरी योजना ठरवते. हे तिन्ही खुंट्या फिरवून कानाने शिकावे. वाचून ते येत नाही.

खरा पेच स्वरस्थानांचा आहे. कळपट्टीवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. षड्ज 240 आंदोलनांचा धरला, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराच्या हिशेबाने मध्य सप्तकातला गंधार 300 चा येतो. यंत्राचा भरतो 302.4 चा. फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, कानाला तो बोचतो. याच कारणास्तव याच नभोवाणीने 1940 साली बाजाची पेटी आपल्या केंद्रांतून हद्दपार केली होती. 1971 नंतर ती हळूहळू परतली. तिच्यावर बहिष्कार घालण्यापेक्षा तीच सुधारावी असे वाटणारेही होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप आरंभला. पितळी पट्ट्या घासून जे साधावे लागे, ते आज गुणोत्तरांच्या बारा ओळी एका फाइलीत लिहून साधते. सर्ज ती फाइल वाचतो आणि कळपट्टी त्या स्वरांत लागते. देवलांच्या हाती हे असते, तर!

तरीही केवळ स्थिर स्वरांनी राग होत नाही, मींड लागते. मुंबईच्या चित्रपटवाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा रोलंड कंपनीचे टीबी-303 हे यंत्र त्यांच्या कामी आले. ते खर्जाच्या साथीसाठी बनवलेले होते. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती. समान भागांच्या सप्तकातही त्या घसरणीमुळे मींडेचा भास झाला. मुद्रिका त्या वेळी फारशी खपली नाही. पुढे शिकागोत अशाच नादाचे नृत्यसंगीत गाजले, आणि 2010 साली ही मुद्रिका पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे रसिक चकित झाले. सिंगांनी यंत्रे जमवली खरी, पण यंत्राला काय विचारायचे ते त्यांना रागांनी आधीच शिकवले होते.

म्हणून पहिला महिना एकच उद्योग करावा. उपस्वरांनी भरलेला षड्ज अखंड लावून ठेवावा आणि त्यावर यंत्राचा गंधार धरावा. सेकंदाला नऊ-दहा हेलकावे ऐकू येतील. स्वर किंचित किंचित उतरवत न्यावा. हेलकावे मंदावतात, लांबतात आणि 300 वर थांबतात. हे स्थान डोळे मिटून सापडू लागले, की मग भूपाची पाच स्वरस्थाने याच रीतीने बसवावीत, आणि ठेक्याला ती हातोडी घ्यावी.