कालियाच्या फण्यावर मंदाकिनी

आज शंभर वर्षांहून जुन्या एका सिनेमाबद्दल बोलू या. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’, साल १९१९.

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना फाळक्यांना काम करायला बाई मिळाली नव्हती. तारामती झाले होते अण्णा साळुंके. सहा वर्षांनी त्यांच्याच सिनेमात बाळकृष्ण झाली एक मुलगी, त्यांची लेक मंदाकिनी. वय अवघं सात वर्षांचं.

सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर साधी मंदाकिनी दिसते. कधी हसते, कधी रुसते. आणि बघता बघता त्याच चेहऱ्यावर मुकुट येतो, मुलीचा कृष्ण होतो! पुढे डोहातली नागाशी झुंज आहे. काठावर यशोदा कासावीस, पाण्यात कृष्ण कालियाशी झटतोय. शेवटी तो फण्यावर नाचत वर येतो.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. एका चित्रातून दुसरं उमलवायचं, तर करामत कॅमेऱ्यातच करत. पहिलं दृश्य संपताना भिंगाचं झाकण हळूहळू मिटायचं. फिल्म मोजून तेवढीच मागे घ्यायची. मग पुढच्या दृश्याला झाकण हळूहळू उघडायचं. एकाच पट्टीवर दोन चित्रं. माणूस जागचा हलला किंवा हँडलचे फेरे मोजायला चुकले, की पट्टी वाया!

आता एक बारीक गोष्ट सांगते. फिल्मच्या कडेला भोकं असतात ना, ती एका ओळीत, सारख्या अंतरावर लागतात. तसं नसेल तर चित्र थरथरतं, मग कसली करामत? त्या काळी कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं काम घरीच करावं लागे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी अंधाऱ्या खोलीत बसून ते केलं सरस्वतीबाईंनी, म्हणजे फाळक्यांच्या पत्नीने. फिल्म धुण्याची रसायनं कालवायला त्या शिकल्या. उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या. कंपनीतल्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांचाच. आणि या धंद्याच्या पायात अंगावरचे दागिने गेले, तेही त्यांचेच.

याला आपण काय म्हणतो? ‘नवऱ्याला मदत केली.’ शेतात खुरपलं तरी मदत, दुकान सांभाळलं तरी मदत. अहो, हेच काम पगारी माणसाने केलं असतं, तर त्याला कारागीर म्हटलं असतं!

‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग आजही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे. संधी मिळाली तर लेकीबाळींना घेऊन बघा. मंदाकिनीची धिटाई बघून त्या खूश होतील. आणि ‘ही जादू कोणी केली?’ असं त्यांनी विचारलं, तर दादासाहेबांबरोबर सरस्वतीबाईंचंही नाव सांगा.

येते मी. नमस्कार.